निरंक

शाळांपुढच्या अडचणी आणि त्यावरचे उपाय, या विषयावर बोलायला मला अधूनमधून कुणीतरी बोलावतं. निवृत्त शिक्षिका आहे, आयुष्य तालुक्यात काढलंय, चार शब्द सांगेल, अशी त्यांची अपेक्षा असते. शाल आणि नारळ तयार असतात. मी जात नाही. गेले तर चार शब्दांऐवजी भलतंच काहीतरी तोंडून निघेल आणि शाल आणणाऱ्याची पंचाईत होईल. अडचण म्हटलं की मला इमारत, फळा, संगणक यातलं काही आठवत नाही. मला एक पोरगी आठवते. तिचा शाळा सोडल्याचा दाखला आम्ही अडीच महिने अडवून ठेवला होता. 'आम्ही' म्हणते, कारण आमच्या शाळेत दाखले मी लिहायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शिरूर तालुक्यात, निमोण्याहून कारेगावकडे येताना लागणाऱ्या एका गावात आमची शाळा होती, पहिली ते सातवी. गावाचं नाव लिहीत नाही, ते कुठलंही गाव समजावं. रांजणगावला कारखाने उभे राहिले होते आणि गावातले निम्मे बाप शिफ्ट, गेटपास, ओव्हरटाइम असले शब्द बोलायला लागले होते. शाळा मात्र होती तशीच होती. तीन खोल्या, सात वर्ग, आणि शिकवणारे तिघं: मुख्याध्यापक, एक गुरुजी आणि मी. शिकवणारे म्हणायचं ते सवयीनं. त्या काळात आम्ही मतदार मोजले, जनावरं मोजली, तांदूळ मापून वाटला, आणि उरल्या वेळात पाढे घेतले.

शिक्षकाची जागा पटावर ठरते. सप्टेंबरअखेर शाळेत जेवढी नावं, त्या हिशेबानं शिक्षक. आमचा पट तिसऱ्या शिक्षकासाठी लागणाऱ्या आकड्यावर काठोकाठ होता. एक नाव कमी झालं की एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरणार. अतिरिक्त म्हणजे नकोसा, जिल्ह्यात जिथं कुठं जागा असेल तिथं उचलून टाकायचा. आणि आमच्यात सगळ्यांत धाकटी मी होते.

मी मूळची दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. नोकरीची पहिली चार वर्षं मी घाटातल्या एका शाळेत काढली. तिथून घरी यायला एक अख्खा दिवस लागायचा. मग वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आई आधीच गेलेली. किती अर्ज केले आणि किती जणांपुढे उभी राहिले, तेव्हा कुठं शिरूर तालुका मिळाला. आठवडाभर शिरूरला भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवारी सकाळची शाळा झाली की एसटीनं दौंड, सोमवारी पहाटे परत. मधले दिवस शेजारच्या काकू वडिलांना बघायच्या. हे सगळं मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. मला कशाची भीती होती, एवढंच कळावं म्हणून सांगते.

त्या जूनमध्ये, शाळा उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी, ती पोरगी आपल्या आईबरोबर आली. पाचवी पास झालेली, सहावीत जाणारी. गणितात अशी, की फळ्यावर मी आकडा लिहीपर्यंत हिचं उत्तर तयार. तिच्या आईचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. आज वाड्याचा तळ इथं, महिन्यानं दुसरीकडे. आता त्यांची वस्ती झाली होती, विहीर झाली होती, झेंडू आणि कांदा होत होता. दौंडला पोरीचा मामा रेल्वेत ट्रॅकवर कामाला होता. त्यानं तिथल्या मुलींच्या शाळेत बोलून ठेवलं होतं.

"बाई, हितं पाचवी, सहावी, सातवी एका खोलीत. तुमी तरी काय काय करणार?" आई म्हणाली. "मामाकडं ऱ्हाईल. तेवढा दाखला द्या."

मी दाखल्याचं पुस्तक काढलं. ते माझ्याच कपाटात असायचं. अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे होतं. पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात मुख्याध्यापक दारातून म्हणाले, "बाई, जरा इकडं या."

हा माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. निमोण्याकडचा शेतकरी घरातला, शाळेत सगळ्यांच्या आधी येणारा. स्वतःच्या मळ्यातली मेथी मला पिशवी भरून द्यायचा. ऑफिसमध्ये त्यांनी आवाज खाली घेतला.

"पटाचं ठाऊक हाय ना तुम्हाला? एक पोर गेलं तर तुमची जागा गेली. सप्टेंबर निघू द्या. मग देऊ दाखला, आपल्याला काय तो ठिवून घ्यायचाय व्हय?"

मी टोपण परत पेनाला लावलं. बाहेर येऊन त्या आईला सांगितलं, "पुढच्या आठवड्यात या, पुस्तक संपलंय." पुस्तक माझ्या हातातच होतं, अर्धं कोरं. तिला वाचता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती आली. मुख्याध्यापक मीटिंगला गेले होते. खरंच गेले होते, पण सही उद्या झाली असती. त्याच्या पुढच्या खेपेला वरच्या साहेबांची परवानगी लागते असं सांगितलं. मग शिक्का सापडेना. मग जन्मतारखेत घोळ आहे, तपासावं लागेल. ही टोलवाटोलवी कधी त्यांनी केली, कधी मी. त्या बाईची वस्ती शाळेपासून चांगली दूर. ती चालत यायची, पायऱ्यांवर बसायची, आमचं उत्तर ऐकायची आणि उठायची. एकदाच तिचा तोल गेला.

"आमच्या टायमाला शाळेत नाव लागत न्हवतं," ती म्हणाली. "आता पोरीचं निघंना झालंय. तुमची शाळा हाय का कोंडवाडा?"

मुख्याध्यापक तिच्यावर खेकसले. मी खाली मान घालून तांदळाच्या याद्या करत बसले.

इकडे दौंडच्या शाळेनं पोरीला दाखल्याच्या बोलीवर वर्गात बसू दिलं होतं. तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, ऑगस्टअखेर दाखला आणा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. मामाचं घर आमच्या कॉलनीतच, दोन चाळी सोडून. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी पिशवी ठेवून वडिलांना चहा पाजत असले, की दारात ती उभी. नवा निळा फ्रॉक, दोन वेण्या, त्याही कुणीतरी घट्ट घालून दिलेल्या.

"बाई, दाखला आणला का?"

"पुढच्या शनिवारी," मी म्हणायचे.

ती मान हलवायची. हट्ट नाही, रडणं नाही. पायरीवर बसून शाळेतलं सांगायची. तिथं विज्ञानाची वेगळी खोली आहे. इंग्रजीला वेगळ्या बाई आहेत. एका शनिवारी तिनं सहज सांगितलं, "हजेरीत माझं नाव न्हाई, बाई. समद्या पोरींचं घेत्यात, मी नुस्ती बसती. मला वाटतं, आज चुकून घेत्याल."

सोमवारी मी शाळेत आले. हजेरी काढली. सहावीच्या पानावर तिचं नाव होतं आणि त्यापुढं रोजच्या रोज मी लावलेला 'ह' होता. जिथं ती बसत होती तिथं तिचं नाव कुणी घेत नव्हतं, आणि जिथं ती नव्हती तिथं मी तिला रोज हजर लावत होते. तो ओळीनं लावलेला माझ्या बऱ्या अक्षरातला 'ह' बघून मला माझीच शिसारी आली. तरी त्या दिवशीचा 'ह' मी लावला. 

जुलै संपता संपता शाळाबाह्य मुलं शोधायचं काम आलं. घरोघर जाऊन शाळेत न जाणारी सहा ते चौदा वर्षांची मुलं लिहायची. माझ्याकडे आमच्या गावाची बाजू आणि कारेगावच्या कडेच्या खोल्या आल्या. कारखान्यातल्या मजुरांसाठी बांधलेल्या, पत्र्याच्या छताच्या, एकाला एक लागून. भर दुपारी मी तिथं गेले. बाप शिफ्टवर, आया कुठं कुठं कामाला, आणि दारादारात पोरं. एका ओळीत मी अकरा पोरं मोजली. एकही शाळेत जात नव्हतं.

एक बाई नळावर कपडे धूत होती. तिला मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, पोरांना शाळेत का घालत नाही. तिनं हातातलं कापड बादलीत टाकलं.

"गए थे मैडम. सर बोले, दाखिला लाओ पहले. कागज तो गाँव में है. गाँव कौन जाएगा?"

कुठल्या शाळेत गेली होती ते तिनं हात करून दाखवलं. तो हात आमच्या शाळेकडे होता.

मी तिथंच खोलीच्या ओट्यावर टेकले. आमच्या शाळेला एक पोर कमी पडणार म्हणून आम्ही एका पोरीला दाखला देत नव्हतो. आणि ही अकरा पोरं दाखला नाही म्हणून आम्हीच दारातून परत पाठवली होती. एकच कागद. ज्याला जायचंय त्याला तो द्यायचा नाही, आणि ज्याला यायचंय त्याच्याकडे तो मागायचा. ज्यांनी हे चालवलं होतं ते कुणी लांबचे साहेब नव्हते, आम्ही तिघं होतो, मेथीच्या जुड्या वाटून घेणारे.

मी अकराही नावं अर्जावर लिहिली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर केला.

"हे काय? निरंक लिहा."

सरकारी कागदावर 'काही नाही' याला निरंक म्हणतात. शाळाबाह्य मुलं किती, निरंक. नापास किती, निरंक. तक्रारी किती, निरंक. एवढं एक लिहिलं की वरून पुढचा प्रश्न येत नाही. आकडा लिहिला की खुलासा मागतात, ही मुलं तुमच्या हद्दीत आहेत तर शाळेत का नाहीत. आमच्या गावचा अर्ज मी येण्याआधीपासून निरंक जात होता. सगळीकडून तसाच जात असावा, कारण कुणी कधी विचारलं नाही.

"अकरा पोरं आहेत," मी म्हटलं. "मी मोजली. त्यांना आपल्याकडे घेऊ. पट वाढेल. मग त्या पोरीचा दाखला द्यायला काय हरकत आहे?"

"कागद न्हाई, जन्माची नोंद न्हाई, भाषा येत न्हाई. आज हायेत, उद्या ठेकेदारानं दुसरीकडं हलवलं की गेली. आन् चौकशी आली तर सही माझी. बाई, तुम्ही नव्या हायेत. निरंक लिहा."

मी चिडले. आवाज चढवला. दोन खोल्यांमधली पोरं गप्प झाली इतका चढवला. आणि एवढा आवाज चढवून शेवटी काय केलं? तर नवा अर्ज घेतला आणि त्यावर निरंक लिहिलं. चिडणं सोपं असतं. मी घसा दुखेपर्यंत चिडले, म्हणून मला वाटलं आपण काहीतरी केलं.

ऑगस्ट संपला. पुढच्या शनिवारी मी दौंडला गेले तर दारात कोणी नाही. चहा झाला, वडिलांना फिरवून आणलं, तरी कोणी नाही. मग मीच मामाच्या घरी गेले. मामी म्हणाली, "गेली गावाला. मोठ्या बाईंनी सांगितलं, आता जागा भरली, जूनमधी या. फ्रॉक हितंच ठिवून गेलीय." तो निळा फ्रॉक खुंटीला होता. धुऊन, घडी मोडू नये तसा टांगलेला.

सोमवारी मी पहिल्यांदा शाळा भरायच्या आधी पोचले. कपाट उघडलं, पुस्तक काढलं आणि दाखला लिहिला. पूर्ण नाव. जन्मतारीख, ज्यात कसलाही घोळ नव्हता. अभ्यासातील प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. तो घेऊन मी मुख्याध्यापकांच्या टेबलाशी गेले आणि जे बोलायचं ते पाठ करून गेले होते. माझी जागा गेली तरी चालेल. घाटात पाठवा नाहीतर आणखी कुठं पाठवा. सही झाल्याशिवाय मी वर्गावर जाणार नाही. मला वाटलं आता भांडण होणार. मी भांडणाच्या तयारीनंच उभी होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खिशातून पेन काढलं, सही केली, ड्रॉवर उघडून शिक्का मारला. तो हरवलेला शिक्का.

"हे तुम्ही जूनमधी म्हणला असता, तर जूनमधीच केली असती की सही," ते म्हणाले. "मला काय पडलं होतं? तुमच्या वडलांचं बघून मी थांबलो होतो."

 अडीच महिने मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते. आणि ते अडीच महिने माझ्या एका वाक्याची वाट बघत होते. आजही मला त्यांचा राग येतो. माझ्यावर उपकार म्हणून एका पोरीचं वर्ष वापरायचा अधिकार त्यांना कुणी दिला? पण तो राग अर्ध्या वाटेतून माझ्याकडेच वळतो, कारण उपकार मी घेतला होता.

"आन् ती हिंदी पोरं आणायची तर आणा," ते पुढं म्हणाले. "बघू काय होतं ते."

काय होणार होतं? काही झालं नाही. पालकानं लिहून दिलं की नाव घेता येत होतं. तसं आधीही येत होतं. मी कोऱ्या कागदांचा दस्ता आणि शाईचं पॅड घेऊन तीन सकाळी त्या खोल्यांवर गेले. आई-बापाचं नाव, पोराचं अंदाजे वय, खाली अंगठा. अकरांतल्या दोघांची कुटुंबं तोवर हलली होती, आणि ती दोन पोरं माझ्या हातून कायमची गेली. नऊ आली. पहिले पंधरा दिवस त्यांचं आम्हाला कळेना आणि आमचं त्यांना. दिवाळीपर्यंत ती इतर पोरांसारखी 'न्हाई' आणि 'व्हय' करायला लागली. पट आठनं वाढला. कोणी अतिरिक्त ठरलं नाही. माझी जागा राहिली, वडील राहिले, मेथी राहिली. उपाय विचारतात ना लोक? हा उपाय. तीन सकाळी आणि एक दस्ता कागद. तो जुलैतही होता, जूनमध्येही होता.

दाखला घेऊन मी वस्तीवर गेले. आई झेंडूच्या शेतात तोडणीला होती, पोरगी तिच्याबरोबर, कमरेला ओटी बांधलेली. मी दाखला आईच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट बघितला आणि पदरात बांधला. मी म्हटलं, जूनपर्यंत पोरीला आपल्याच शाळेत बसवा, वर्ष वाया नका घालवू. तिच्या आईनं मान हलवली.

"न्हाई बाई. परत नाव लावलं तर परत निघायचं न्हाई."

 तिचा आमच्यावर विश्वास नव्हता आणि तो नसणंच बरोबर होतं. पोरगी मान वर न करता फुलं खुडत होती. वर्षभर ती कुठल्याच हजेरीत नव्हती. त्या वर्षी शाळाबाह्य मुलांचा अर्ज पुन्हा आला तेव्हा मी निरंक लिहिलं नाही. तिचं नाव लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात 'शाळेने वेळेत दाखला दिला नाही' असं लिहिलं. त्यावर खुलासा आला नाही. कुणी वाचलंच नसणार.

पुढच्या जूनमध्ये ती दौंडला आली. पहिल्या शनिवारी संध्याकाळी दारात मामी आणि ती. फ्रॉक आता आखूड झाला होता, गुडघ्याच्या वर जात होता. मामीनं पेढा आणला होता, हजेरीत नाव लागल्याचा. मी पेढा घेतला. तोंडात घालवेना, म्हणून हातातच धरून बसले.

"बाई," ती म्हणाली, "दाखला लिहायला किती येळ लागतो?"

खोटं सांगायचं आता काही कारण उरलं नव्हतं.

"दहा मिनिटं," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत होती. वर्षभरात उंच झाली होती, आता पायरीवर बसली नव्हती.

"मग?"

मामीनं तिचा दंड धरला. बाईंशी असं बोलत्यात का, म्हणून दटावलं आणि मला म्हणाली, मनावर घेऊ नका, लहान हाय.

"राहू द्या," मी म्हटलं. "बोलू द्या तिला."